सांधे आणि श्वास

शरीराच्या एखाद्या भागाचे नाव रोगाला एकदा चिकटले, की त्या रोगाचा तपास पुढे बहुधा त्या भागापुरताच होत राहतो, आणि रोगाने आपली हद्द केव्हाच ओलांडलेली असली तरी वैद्य, रुग्ण आणि रुग्णाचे आप्त हे सर्व मूळ ठाण्यावरच पहारा करीत बसतात. ज्याला डॉक्टर मंडळी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात आणि आपल्याकडे ज्याला आमवात हे नाव रूढ झाले आहे, त्या विकाराच्या बाबतीत नेमके असेच घडले. बोटांच्या मुळाशी आणि मनगटांत सूज, सकाळी उठल्यावर तासभर न सुटणारा आखडलेपणा, मूठ न आवळणे, भाकरी थापताना हात न साहणे, एवढ्या खुणांवरून या रोगाची ओळख पटते. आणि त्याच रुग्णाला पुढे जिना चढताना धाप लागू लागली, रात्री खोकल्याने झोपमोड होऊ लागली किंवा छातीत शिट्टी वाजू लागली, म्हणजे ती स्वतंत्र फिर्याद समजून वेगळ्या दप्तरात नोंदली जाते. सांध्यांचे कागद एका पिशवीत, छातीचे दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्ही पिशव्या एकाच खुंटीला टांगलेल्या, असे दृश्य पुष्कळ घरांत दिसेल. या दोन फिर्यादींचा परस्परांशी संबंध आहे काय, असल्यास तो कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या पुराव्यावर टिकणारा आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय.

हा संबंध वैद्यकाच्या नजरेस फार उशिरा पडला. पॅरिसच्या ऑग्युस्तँ लांद्रे-बोव्हे या तरुण वैद्याने १८०० साली आपल्या प्रबंधात या रोगाचे वर्णन केले आणि लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये त्याला आजचे इंग्रजी नाव दिले. परंतु दोघांचीही दृष्टी सांध्यांवरच खिळलेली होती, आणि त्यात त्यांची कसूर अशी काही नव्हती, कारण जिवंत माणसाच्या छातीत डोकावण्याचे साधन म्हणजे लांद्रे-बोव्हेच्या वेळी वैद्याचा उघडा कान आणि गॅरॉडच्या वेळी लेनेकने १८१६ साली शोधलेली स्टेथोस्कोपची नळी एवढेच होते. क्ष-किरणांचा शोध लागून अर्धशतक उलटल्यावर, १९४८ मध्ये, एलमन आणि बॉल या ब्रिटिश डॉक्टरांनी सांधे आणि फुप्फुसे यांना एकदमच ग्रासलेल्या काही थोड्या रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी, १९५३ मध्ये, कार्डिफच्या अँथनी कॅप्लान यांनी वेल्समधील कोळशाच्या खाणीतल्या मजुरांच्या क्ष-किरण चित्रांत एक विलक्षण गोष्ट टिपली: ज्या मजुरांना आमवात होता त्यांच्या फुप्फुसांत गोल, ठळक गाठी दिसत, आणि त्या खाणकामगारांच्या नेहमीच्या धूळरोगाच्या खुणांहून निराळ्या असत. याहून महत्त्वाचे म्हणजे काहींच्या छातीत या गाठी आधी दिसल्या आणि सांधे मागाहून सुजले. या क्रमाकडे त्या काळी कौतुकाच्या पलीकडे फारसे कोणी पाहिले नाही. पन्नास वर्षांनंतर मात्र तोच क्रम सबंध प्रश्नाची किल्ली ठरेल असे वाटू लागले. त्याचा विचार पुढे करू.

तत्पूर्वी एक घोटाळा दूर केला पाहिजे. छातीत शिट्टी वाजली की दमा, ही आपली सर्वसाधारण समजूत. पण वस्तुतः त्या शिट्टीचा अर्थ एवढाच, की हवा कोठेतरी अरुंद वाटेने जात आहे. ती वाट कोठे अरुंद झाली, कशाने झाली, औषधाने ती पुन्हा मोकळी होते की नाही, यांविषयी शिट्टी स्वतः काहीच जबानी देत नाही. दम्याचे खरे लक्षण म्हणजे अडथळ्याचे येणे-जाणे: आज श्वासनलिका आवळलेल्या, उद्या मोकळ्या, रात्री त्रास, दुपारी आराम, आणि पंप घेतल्यावर थोड्या वेळात सुटका. स्पायरोमेट्रीच्या यंत्रात जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली हे मोजतात, मग औषध हुंगवून पुन्हा मोजतात, आणि त्या आकड्यात १२ टक्के व किमान २०० मिलिलिटर इतकी वाढ झाली तर अडथळा परतवता येण्यासारखा आहे असे मानतात. आमवाताच्या रुग्णाला जो ‘दमा’ म्हणून सांगितला जातो तो पुष्कळदा या कसोटीला उतरत नाही. आणि अडचण अशी की पुष्कळदा ही कसोटी लावलीच जात नाही.

तेव्हा आमवातात श्वासाची वाट अरुंद होण्याची ठिकाणे कोणती, हे क्रमाने पाहणे इष्ट. वरून आरंभ करावयाचा तर पहिले ठिकाण स्वरयंत्र. तेथे दोन्ही बाजूंस स्वरतंतूंना हलविणारी कूर्चांची एकेक इवलीशी सांधणी आहे, आणि ती बोटाच्या पेरांप्रमाणेच अस्तर असलेला खरा सांधा असल्यामुळे आमवात तिला मोकळी सोडीत नाही. मरणोत्तर तपासण्यांत तेथे रोगाच्या खुणा रुग्णाच्या हयातीतील तक्रारींच्या मानाने कितीतरी अधिक वेळा आढळल्या आहेत. तक्रारी असतात त्या अशा: घसा बसणे, बोलताना थकणे, गिळताना कानापर्यंत जाणारी कळ, घशात काही अडकल्याची भावना. पण सांधा सुजून स्वरतंतू मध्यरेषेशी जखडले, तर श्वास घेताना आवाज येऊ लागतो आणि तो दुरून ऐकणाऱ्यास दमाच वाटतो. भेद एवढाच की दम्याची शिट्टी मुख्यतः श्वास सोडताना छातीत ऐकू येते आणि हा आवाज श्वास आत ओढताना गळ्यात. हा भेद कानाला क्षणभराचे काम. परंतु तो केला गेला नाही तर रुग्ण महिनोन् महिने पंप ओढीत राहतो आणि एखाद्या साध्या सर्दीत त्याची वाट पूर्ण बंद होण्याचा धोका पत्करतो. शस्त्रक्रियेसाठी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे प्रकरण चांगले ठाऊक असते, कारण नळी घालण्याचा प्रसंग त्यांच्यावर येतो. आणि आमवाताने मानेचा पहिला-दुसरा मणकाही सैल केलेला असण्याचा संभव असल्याने ते दुहेरी सावध असतात. इतर शाखांतील डॉक्टरांनी ही सावधगिरी त्यांच्याकडून उसनी घेण्यास हरकत नाही.

स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकांचे झाड पसरते. त्याच्या जाड फांद्या आमवातात कधी कधी कायमच्या फुगून ढिल्या पडतात, त्यांत कफ साचतो आणि वारंवार पू होतो. सूक्ष्म सीटी स्कॅन केल्यावर हा प्रकार अपेक्षेहून पुष्कळ अधिक रुग्णांत दिसतो, जरी त्रास होण्याइतका तो थोड्यांनाच असतो. बारीक डहाळ्यांची कथा अधिक गंभीर. दोन मिलिमीटरहूनही अरुंद अशा या वाटांभोवती लसीकापेशींची गर्दी होते, भिंती जाड होतात, आणि श्वास सोडताना हवा आत कोंडून राहते. स्पायरोमेट्रीचे नेहमीचे आकडे तरीही फारसे बिघडलेले नसतात, कारण त्या आकड्यांत या लहान वाटांचा वाटाच मुळी थोडा असतो. श्वास सोडलेल्या स्थितीत घेतलेल्या स्कॅनमध्ये मात्र फुप्फुसात काळ्या-करड्या रंगांचे ठिगळ लावल्यासारखे दिसते आणि कोंडलेली हवा उघडी पडते. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून आमवाताच्या रुग्णांत अशा अडथळ्याची मोजदाद होऊ लागली. पुढे त्यांना श्वासनलिका चेतविणारे औषध हुंगवून पाहिले असता, ज्यांना दमा म्हणून कधीच निदान झाले नव्हते अशांच्या नलिकाही निरोगी माणसांच्या मानाने अधिक चटकन आवळतात, असे काही अभ्यासांत आढळले. म्हणजे दमा नसूनही दम्याची वृत्ती. या निष्कर्षाला अपवाद दाखविणारे अभ्यासही आहेत, आणि धूम्रपान करणारे व न करणारे वेगळे काढले की फरक पुसट होतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

या वर्गातील सर्वांत दुष्ट प्रकार म्हणजे बारीक वाटा व्रणाने बुजून जाणे. लंडनच्या डॉक्टरांनी १९७७ मध्ये अशा सहा प्रौढ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या सहांपैकी पाच जण आमवाताचे होते. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढत जाणारी धाप, कोरडा खोकला, क्ष-किरण चित्र जवळजवळ निर्मळ आणि पंपाचा उपयोग शून्य, असे हे चित्र. त्या वेळी आमवातावर पेनिसिलामिन नावाचे औषध सर्रास दिले जाई आणि संशयाचे बोट प्रथम त्याच्याकडे वळले. पुढे ते औषध कधीही न घेतलेल्या रुग्णांतही हा विकार दिसला, आणि रोग व औषध यांच्यातील जबाबदारीची वाटणी आजतागायत पुरती झालेली नाही. विकार विरळा आहे; परंतु ‘क्ष-किरण साफ आहे, म्हणजे साधा दमा’ हा युक्तिवाद किती ठिसूळ आहे, हे दाखविण्यास तो एकटा पुरेसा आहे.

फुप्फुसाच्या मूळ विणीचा आमवात, म्हणजे वायुकोशांमधील जाळीचा दाह आणि नंतरचे कठीण होणे, हा दम्यासारखा प्रकार नव्हे. तेथे वाट अरुंद नसते, फुप्फुसच फुलत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या एका परगण्यातील दप्तरांवरून २०१० मध्ये काढलेल्या हिशोबानुसार आमवाताच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे आठ जणांना आयुष्यात केव्हा तरी हा विकार होतो, तर इतरांत हे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास पडते. पुरुष, वृद्ध, धूम्रपान करणारे आणि रक्तात आमवाताची प्रतिपिंडे भरपूर असलेले लोक यांस धोका अधिक. शिवाय कारण न कळणाऱ्या फुप्फुसकाठिण्यात जो एक जनुकीय बदल आढळतो तोच येथेही धोका वाढवितो, असे २०१८ मध्ये दिसून आले. पाठीवर नळी ठेवली असता फुप्फुसाच्या तळाशी वेल्क्रोची पट्टी उकलल्यासारखा आवाज येतो. फुप्फुसावरणात साचणारे पाणी, रक्तक्षयाने लागणारी धाप, आणि आमवातात जास्त प्रमाणात आढळणारा हृदयविकार, ही सर्व कारणे याच दारात उभी असतात. त्यांचा तपशील येथे देत नाही. पण दम्याचा शिक्का मारण्यापूर्वी त्यांची चौकशी झालीच पाहिजे.

आता औषधांकडे वळू, कारण या प्रकरणात औषध कधी साक्षीदार असते, कधी आरोपी, आणि कधी पुरावा नाहीसा करणारे. वेदनाशामक गोळ्यांपासून आरंभ करावा. अ‍ॅस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आले आणि पाऊणशे वर्षे आमवाताच्या उपचाराचा तो कणा होता. त्याने काही माणसांना दम्याचा तीव्र झटका येतो, आणि अशा माणसांच्या नाकात बहुधा मांसांकुर असतात, हे फ्रान्समध्ये विदाल यांनी १९२२ मध्ये व शिकागोच्या सॅमटर यांनी १९६८ मध्ये नोंदविले. कारणाचा उलगडा जॉन व्हेन यांच्या १९७१च्या शोधाने झाला: या गोळ्या ज्या द्रव्याचा प्रवाह अडवून वेदना शमवितात, तो प्रवाह अडला की कच्चा माल दुसऱ्या वाटेला लागतो आणि श्वासनलिका आवळणारी ल्युकोट्राइन्स तयार होतात. प्रौढ दमेकऱ्यांपैकी शंभरात सुमारे सातांना हा दोष असतो आणि त्यांना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्याही सहसा सोसत नाहीत. ज्या रुग्णाचा दमा सांधेदुखीच्या नव्या गोळीनंतर तासा-दोन तासांत उफाळतो, त्याने ही गोष्ट डॉक्टरांच्या कानी घातली पाहिजे. आपल्याकडे मात्र या गोळ्या चिठ्ठीवाचून दुकानात मिळतात, त्यामुळे डॉक्टरांस त्या घेतल्याचाच पत्ता नसतो.

मेथोट्रेक्सेटची गोष्ट निराळी आणि थोडी अन्यायाची आहे. १९८०च्या दशकापासून आमवाताचे हे मुख्य औषध झाले आणि आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या या गोळीने असंख्य हात वाकडे होण्यापासून वाचले. अगदी थोड्या रुग्णांत, बहुतकरून पहिल्या वर्षात, तिने फुप्फुसाचा तीव्र दाह होतो: कोरडा खोकला, ताप आणि झपाट्याने वाढणारी धाप. हे खरे असले तरी त्यावरून या औषधाने फुप्फुसे हळूहळू कठीण होतात अशीही समजूत पसरली, आणि तिच्यापायी कित्येकांचे चांगले चाललेले औषध बंद झाले. गेल्या दहा-पंधरा वर्षांतील मोठ्या पाहण्यांनी या दुसऱ्या आरोपातून औषधाची बहुतांशी मुक्तता केली आहे. काठिण्य रोगाचे, दोष मात्र गोळीच्या माथी, असा तो प्रकार होता. आमवातावर पुढे आलेल्या, टीएनएफ हे दाहद्रव्य रोखणाऱ्या इंजेक्शनांनी सुप्त क्षयरोग जागा होतो हे २००१ मध्ये उघड झाले, आणि क्षयाच्या जगातील भाराचा सुमारे चौथा हिस्सा वाहणाऱ्या आपल्या देशात हा इशारा पाश्चात्त्य ग्रंथांतल्यापेक्षा ठळक अक्षरांत लिहिला पाहिजे.

राहिले स्टेरॉइड. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताच्या एका स्त्री रुग्णास कॉर्टिसोनचे पहिले इंजेक्शन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल व राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हेच औषध लवकरच दम्यावरही गुणकारी ठरले. एका औषधाने दोन रोग शमतात एवढ्यावरून ते दोन रोग सगे ठरत नाहीत, पण त्यामुळे निदानात एक चमत्कारिक अंधार मात्र निर्माण होतो: सांध्यांसाठी स्टेरॉइड घेणाऱ्याची छाती मोकळी राहते, मात्रा उतरविताच शिट्टी वाजते, आणि तो नवा दमा की जुन्या विकारावरचे पांघरूण निघाले, हे कोणास सांगता येत नाही. गावोगावच्या बाजारांत ‘वातावर हमखास’ म्हणून आणि ‘दम्यावर हमखास’ म्हणून ज्या बेनामी पुड्या विकल्या जातात, त्यांतील काहींत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे एकच पुडी दोन्ही दुखण्यांवर कशी चालते याचे आश्चर्य उरत नाही. अशी पुडी एकाएकी बंद करण्यात जिवाला धोका असतो, म्हणून ती घेणाऱ्याने संकोच न करता डॉक्टरांस सांगितले पाहिजे.

उलट दिशेचाही एक सापळा आहे. प्रौढपणी दमा सुरू झालेल्या माणसाचे सांधे दुखू लागले, रक्तातील इओसिनोफिल पेशी फार वाढल्या, हातापायाला मुंग्या किंवा पावलाला लुळेपणा आला, तर तो दमा अधिक आमवात असा दुहेरी हिशोब नसून रक्तवाहिन्यांच्या दाहाचा तिसराच रोग असू शकतो. चर्ग आणि स्ट्राउस यांनी १९५१ मध्ये तो वर्णिला. अशा रुग्णाच्या रक्तात आमवाताची खूण मानला जाणारा रुमॅटॉइड फॅक्टरही कधी कधी सापडतो, आणि त्या एका चाचणीच्या भरवशावर चुकीची वाट धरली जाते.

एवढी सर्व सोंगे बाजूला सारल्यावर मूळ प्रश्न उरतोच: खरा दमा आणि खरा आमवात यांचे काही नाते आहे काय? गेल्या शतकाच्या अखेरीस याचे उत्तर बहुतेक नकारार्थी दिले जाई, इतकेच नव्हे तर ते दोघे परस्परांना टाळतात असे मानले जाई. मॉसमन आणि कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींवरून दाखविले होते की प्रतिकारशक्तीच्या साहाय्यक पेशी दोन पंथांत विभागलेल्या असतात व एक पंथ प्रबळ झाला की दुसरा दबतो. अ‍ॅलर्जीचा दमा एका पंथाचा, आमवात दुसऱ्याचा, तेव्हा एका देहात दोघांचे राज्य कसे चालेल, असा तो तर्क होता. आणि आमवाताच्या रुग्णांत अ‍ॅलर्जी कमी आढळते असे सांगणारे काही छोटे अभ्यास त्याच्या पाठीशी उभे होते. उपपत्ती सुबक होती. दुर्दैवाने शरीर इतके सुबक नाही. पुढे तिसऱ्या-चौथ्या पंथाच्या पेशी सापडल्या, दम्याचेही अनेक प्रकार निघाले, आणि ज्या दम्याला अ‍ॅलर्जीचा आधारच नाही त्याविषयी ही उपपत्ती मुकी ठरली.

मोठ्या लोकसमूहांवरील नोंदी हाती आल्यावर चित्र पालटले. अमेरिकेत १९७६ पासून परिचारिकांच्या प्रकृतीची जी अखंड पाहणी चालू आहे, तिच्या दोन गटांतील दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा हिशोब २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी दमा होता त्यांना पुढे आमवात होण्याचा संभव दमा नसलेल्यांच्या सुमारे दीडपट निघाला, आणि धूम्रपानाशी निगडित अशा जुनाट श्वसनअडथळ्याच्या विकारात तो दुपटीच्या जवळ गेला. दम्याचा संबंध कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रियांतही टिकून राहिला, हा यातला मर्माचा भाग, कारण तंबाखूच दोन्ही रोगांचा समान जनक आहे एवढे सांगून हे प्रकरण निकालात काढता येत नाही. तैवानच्या विमा-नोंदींवरील अभ्यासाचा कलही याच बाजूला आहे. तथापि दीडपट हा शब्द ऐकून दमेकऱ्यांनी हबकण्याचे कारण नाही: आमवात मुळात शंभरांत एकाला किंवा त्याहूनही कमी लोकांना होतो, त्याची दीडपट म्हणजेही थोडेच. शिवाय दमेकरी डॉक्टरांकडे अधिक वेळा जातो, त्यामुळे त्याचे दुसरे रोगही अधिक सापडतात, ही शंका अशा प्रत्येक अभ्यासावर राहतेच. माझे मत विचाराल तर संबंध खरा आहे, लहान आहे, आणि दम्याच्या सर्व प्रकारांना सारखा लागू नाही.

त्याच्या मुळाशी काय असावे, याचा शोध मात्र या सगळ्या विषयातील सर्वांत रसाळ भाग आहे. ॲम्स्टरडॅम येथील रक्तपेढीत नियमित रक्तदान करणाऱ्यांपैकी ज्यांना पुढे आमवात झाला, त्यांचे जुने साठविलेले रक्त काढून २००४ मध्ये तपासण्यात आले. सुमारे निम्म्यांच्या रक्तात रोगाची प्रतिपिंडे सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे अगोदर, सर्वसाधारणपणे साडेचार वर्षे आणि काहींत दशकाहूनही अधिक काळ आधी, हजर होती. सांधा निरोगी असताना ही प्रतिपिंडे तयार कोठे होत होती? स्वीडनमधील क्लारेस्कोग आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये एक उत्तर सुचविले. धुराने चिडलेल्या फुप्फुसात एक विकर जागे होते आणि ते प्रथिनांतील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर करते. बदललेले प्रथिन शरीराला परके वाटते. आणि ज्यांच्या जनुकांत विशिष्ट ठेवण असते त्यांची प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवू लागते. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातून धुऊन काढलेल्या पेशींत अशी प्रथिने सापडली, न करणाऱ्यांच्यात सापडली नाहीत. जनुकांची ती ठेवण आई व बाप दोघांकडूनही आलेली आणि वर धूम्रपान, असा योग जुळलेल्यांत प्रतिपिंडे असलेल्या आमवाताचा धोका एकवीस पट भरला.

यानंतर अमेरिकेतील कोलोराडोच्या संशोधकांनी, सांधे अद्याप निरोगी पण आप्तसंबंधामुळे किंवा रक्तातील प्रतिपिंडांमुळे धोक्यात असलेल्या लोकांच्या थुंकीत हीच प्रतिपिंडे शोधली, आणि काहींच्या थुंकीत ती असून रक्तात नव्हती. तशाच लोकांच्या स्कॅनमध्ये श्वासनलिकांच्या भिंती जाड झालेल्या आणि हवा कोंडलेली दिसली. खोकला आणि शिट्टी म्हणजे आमवाताचे उशिरा आलेले उपसर्ग, ही आपली समजूत येथे उलटी होते. निदान काही रुग्णांत वाद श्वासनलिकेत सुरू झाला असावा व सांध्यांवर त्याची अंमलबजावणी पुढे झाली असावी. कॅप्लानच्या खाणमजुरांतील त्या उलट्या क्रमाला येथे अर्थ प्राप्त होतो. सिलिका आणि दगडाची धूळ यांनी आमवाताचा धोका वाढतो हे स्वीडिश पाहण्यांनीही दाखविले आहे. हिरड्या आणि आतडी यांनाही हेच उगमस्थानाचे स्थान देणारे पक्ष आहेत, आणि सर्व रुग्णांचा उगम एकच असला पाहिजे असा आग्रह धरण्याचे काही कारण नाही. दाहाने सदैव चिडलेली दमेकऱ्याची श्वासनलिका या खटल्यात धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसासारखीच भूमिका बजावीत असेल, हा तर्क संभाव्य आहे; सिद्ध झाला आहे असे म्हणवत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहता या प्रश्नाला निराळी छटा येते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची जी पाहणी केली, तिच्यात प्रौढांतील आमवाताचे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आसपास निघाले. हा रोग स्त्रियांत पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो, आणि आपल्या खेड्यांतील स्त्री विडी ओढीत नसली तरी चुलीचा धूर वर्षानुवर्षे ओढीत आलेली असते. त्या धुराने जुनाट श्वसनअडथळा होतो हे आता निर्विवाद आहे. तंबाखूवरून काढलेले स्वीडनचे सिद्धान्त गोवरी-लाकडांच्या धुराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, परंतु ते तपासून पाहण्यास भीमेच्या काठाइतकी योग्य भूमी थोडीच असेल. त्यात क्षयाने पूर्वी व्रण केलेली फुप्फुसे आणि गिरणी, खाण, दगडफोड यांची धूळ मिळाली, म्हणजे धापेचे कारण एकट्या आमवाताच्या किंवा एकट्या दम्याच्या नावे खतावणे किती अवघड, हे ध्यानी येईल. आपल्या प्राचीन वैद्यांनी माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिले आणि चरकाने श्वासाच्या पाच प्रकारांत तमकश्वास वर्णिला, ही निरीक्षणे आदरास पात्र आहेत. आजचे दोन रोग आणि ते दोन रोग अगदी एकच होत, असा दाखला मात्र त्यांतून काढू नये.

उपाययोजना या विषयाच्या मानाने साधी आहे. अमेरिकेतील संधिवात आणि छातीरोग यांच्या तज्ज्ञसंस्थांनी २०२३ची जी संयुक्त मार्गदर्शिका काढली, तिने आमवातासारख्या रोगांत धोका अधिक असलेल्या रुग्णांची फुप्फुसकाठिण्यासाठी चाळणी श्वासचाचणी आणि सूक्ष्म स्कॅन यांनी करावी, केवळ क्ष-किरण चित्रावर विसंबू नये, असे सुचविले आहे. दम्यासारख्या तक्रारींनाही हेच धोरण शोभेल, आणि श्वासचाचणीचे यंत्र आज जिल्ह्याच्या गावी दुर्मिळ राहिलेले नाही. आमवाताच्या प्रत्येक रुग्णाची एक श्वासचाचणी निदानाच्या वेळीच करून तिचा कागद सांध्यांच्या कागदांत ठेवला जावा, म्हणजे पुढे धाप लागली तर तुलनेला आधार राहील. आणि छातीच्या डॉक्टरांनी प्रौढ दमेकऱ्यास, विशेषतः स्त्रीस, सकाळी बोटे किती वेळ आखडतात एवढा एक प्रश्न विचारावा.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांना एवढीच विनंती, की डॉक्टरांकडे जाताना दोन्ही पिशव्या बरोबर न्याव्यात, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या आणि पुड्याही त्यांत घालाव्यात, विडी-सिगारेट असेल तर ती आजच सोडावी. आणि मेथोट्रेक्सेट चालू असताना कोरडा खोकला, ताप व धाप ही तिन्ही एकदम आली, तर पुढच्या आठवड्याची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.